आधी अळीचे पाय मोजा

धान कापून घरात आलं, की चिखल्यात घरोघरच्या सांदवाडीत वाफे पाडायची घाई सुरू होते. तुमसर तालुक्यात गोबरवाहीजवळचं, मॅंगनीजच्या खाणीचं हे गाव. खाण जमिनीच्या पोटात, वर क्वार्टर आणि घरं, आणि घराच्या मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा. तिथे मुळा, थोडी मोहरी, सांभार, पालक, चार वांगी, कुंपणावर वाल. मुळा सर्वांत आधी वर येतो, म्हणून आधी लक्ष त्याच्याकडे जातं. आणि नोव्हेंबरात एखाद्या सकाळी त्याच मुळ्याच्या पानांची चाळणी झालेली दिसते.

पान उलटून पाहावं तर एक काळपट, सुरकुतलेली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अळी. हात लावला की ती टपकन खाली पडते, गोल वेटोळं करते आणि निपचित राहते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, धक्क्यानेच मेली. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून हसल्या. "थे मेली नाही बाबू, सोंग करते. जरा थांबून पाय." थांबलो. दोन-तीन मिनिटांत तिने वेटोळं सोडलं आणि ढेकळाच्या आडोशाला निघून गेली.

मग मी जी चूक केली ती पुष्कळ लोक करतात, म्हणून सांगतो. दुकानातून 'अळीचं सेंद्रिय औषध' म्हणून बीटीची पुडी आणली. कापसाच्या बियाण्यामुळे बीटी हा शब्द विदर्भात सर्वांच्या तोंडी आहे. पुडीतलं बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, पाण्यात कालवून फवारायचा. दोन वेळा फवारलं. अळ्या खात राहिल्या. औषध खोटं निघालं असं ठरवून मी दुकानदाराला मनातल्या मनात नावं ठेवली. औषध खरं होतं. अळीच वेगळी होती.

बागेत ज्याला आपण सरसकट अळी म्हणतो, ती बहुतेक वेळा पतंगाचं किंवा फुलपाखराचं बाळरूप असते. मुळ्यावरची ही काळी अळी तशी नाही. ती सॉफ्लायची, म्हणजे करवत माशीची अळी. मोहरीवर ती फार दिसते म्हणून मोहरीवरची काळी अळी हेही नाव चालतं, आणि पलीकडे बालाघाटकडच्या हिंदीत तिला आरा मक्खी म्हणतात. शास्त्रीय नाव अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा. नाव माशीचं असलं तरी ती घरमाशीच्या गोतातली नाही. तिचे सगेसोयरे म्हणजे गांधीलमाशी, मधमाशी आणि मुंगी. त्या घराण्यातली ही सर्वांत जुनी शाखा, वीस कोटी वर्षांहून जुने तिचे जीवाश्म सापडलेले आहेत. बीटीच्या नेहमीच्या पुडीतला वाण पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यात काम करतो. गांधीलमाशीच्या भावंडावर तो कसा चालणार?

म्हणून आधी ओळख, मग फवारणी. ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही, पाय मोजता आले की झालं.

एक स्वच्छ काचेची बाटली किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. अळी त्यात सोडा, ती काचेवरून चालायला लागली की बाटली उचलून खालून पाहा. डोळ्यांना पुरत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून फोटो काढा आणि मोठा करा. डोक्यामागच्या तीन कड्यांवर तीन जोड्या टोकदार, गाठीगाठीचे पाय दिसतील. ते खरे पाय, या दोन्ही प्रकारच्या अळ्यांना असतात, त्यांच्यावरून काही ठरत नाही. त्यांच्या मागे पोटाखाली जे गुबगुबीत, बुटके पाय असतात ते मोजायचे. पतंग-फुलपाखराच्या अळीला या बुटक्या पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या: चार मध्यावर, एक शेपटाला. सॉफ्लायच्या अळीला सहापासून आठपर्यंत, आणि आपल्या मुळ्यावरचीला पूर्ण आठ.

मोजताना घोटाळा होत असेल तर मोकळी जागा पाहा. फुलपाखराच्या अळीत खऱ्या पायांच्या मागची दोन कडी बिनपायांची असतात, मग चार जोड्या, मग पुन्हा तीन कडी मोकळी आणि टोकाला शेवटची जोडी. म्हणजे पोटाखाली दोन ठिकाणी रिकामी जागा ठळक दिसते. सॉफ्लायच्या अळीत पुढे एकच कडं मोकळं, त्यानंतर पायांची रांग जवळजवळ सलग शेपटापर्यंत जाते. एकदा दोन्ही अळ्या शेजारी ठेवून पाहिल्या, की पुढच्या वेळी मोजावंसुद्धा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना याचा एक तयार नमुना ठाऊक आहे. भंडारा जिल्हा टसर रेशमाचा. आंधळगावच्या मागांवरचं टसर ज्या कोशांतून येतं, ते कोश ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचे, आणि ते किडे वाढवण्याचं काम ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. टसरचा तो हिरवागार, बोटभर किडा ज्याने एकदा हातावर घेतला आहे, त्याने अस्सल पतंगाची अळी पाहिली आहे. मधले चार जोड पाय फांदीला कसे गच्च धरतात आणि शेपटाचा चिमटा कसा आवळतो, हे त्याला वेगळं सांगायला नको. त्या बुटक्या पायांच्या तळाला बारीक आकड्यांची कड असते, त्यामुळे किडा ओढून काढताना सालीला चिकटून राहतो. सॉफ्लायच्या अळीच्या बुटक्या पायांना हे आकडे नसतात.

टसरचं नाव निघालंच आहे तर एक इशारा इथेच देतो. बीटी रेशीमकिड्यालाही मारतं. जिथे ऐनाच्या झाडांवर टसरचं पीक उभं आहे, तिथे त्या बाजूला वारा असताना बीटी काय, कुठलीच फवारणी करू नका. दुसऱ्याचं वर्षाचं उत्पन्न झाडावर बसलेलं असतं.

भिंग असेल तर डोळेही पाहा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. फुलपाखराच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला बारीक डोळ्यांचा पुंजका असतो, बहुधा सहा ठिपके. सॉफ्लायच्या अळीला प्रत्येक बाजूला एकच, पण चांगला ठसठशीत काळा मणी. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात.

आता झाड पाहा. ही काळी अळी मोहरीच्या कुळावर जगते: मुळा, मोहरी, पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम. तुमच्या वांग्यावर, टमाटरवर किंवा पालकावर काळी अळी असेल तर पाय मोजण्याआधीच समजा की ही बहुतेक दुसरी कोणी आहे. रोपाचं वयही पाहा. उगवून तीन-चार आठवड्यांची कोवळी रोपं हिला सर्वांत प्रिय. आणि वेळ पाहा. ती सकाळी आणि संध्याकाळी खाते, ऊन चढलं की पानाखाली किंवा मातीत दडते. दुपारी बारा वाजता वाफ्यात जाऊन 'अळी तर कुठेच नाही, मग पानं कोण खातं?' असं विचारणारे भेटतात. सकाळी सातला जा.

अंड्यातून निघालेली अळी हिरवट राखाडी असते, मग काळपट होत जाते. पाठीवर लांबीने गेलेले पाच गडद पट्टे नीट पाहिल्यास दिसतात. पूर्ण वाढली तरी दीड-पावणेदोन सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. तिची आई पाहायची असेल तर वाफ्यावर सकाळच्या उन्हात जरा उभे राहा. नारिंगी अंगाची, काळ्या डोक्याची, धुरकट पंखांची, आठ ते अकरा मिलिमीटरची एक माशी संथपणे या रोपावरून त्या रोपावर जाताना दिसेल. रंगामुळे गांधीलमाशी वाटते, पण हिला कंबर नाही. गांधीलमाशीचं पोट देठासारख्या कमरेवर टांगलेलं असतं, हिचं सरळ छातीला जोडलेलं. ती चावत नाही, डंख मारत नाही. तिच्या पोटाच्या टोकाला डंखाऐवजी दातेरी करवत असते. पानाच्या कडेला त्या करवतीने बारीक चीर पाडून ती एकेक अंडं आत सरकवते. माशी दिसली म्हणजे अळी यायला चार ते आठ दिवस आहेत, एवढी आगाऊ वर्दी समजा.

मुळा-कोबीवर तिच्यासोबत बाकीचे पाहुणेही असतात. त्यांत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीमुळे. ती बारीक, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. तिला बोट लावलं तर वेटोळं करून पडत नाही, वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्याला लोंबकळते. लहानपणी ती पानाचा वरचा पापुद्रा शिल्लक ठेवून खालचं खाते, म्हणून पानावर कागदासारख्या पारदर्शक खिडक्या दिसतात. या अळीवर बीटी उत्तम चालतं. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या पिवळट हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या आणि घोळक्याने बसलेल्या. उंटअळी चालताना पाठीची कमान करते, कारण तिला मधले पाय कमी. पानांवर टाचणीने टोचल्यासारखी शेकडो बारीक भोकं असतील आणि अळीच दिसत नसेल, तर ते बहुधा उड्या मारणाऱ्या बारीक भुंग्यांचं काम. आणि कोबीच्या गड्ड्यात शिरून खाणारी अळी सापडली तर सॉफ्लायचं नाव काढू नका, ती पानं खाते, गड्डा पोखरत नाही.

वेटोळं करणारा आणखी एक काळा प्राणी म्हणजे वाणी. पावसाळ्यात पैशासारखा गोल होऊन पडतो तो. विदर्भात कापूस-सोयाबीनची कोवळी रोपं तो कुरतडतो म्हणून शेतकरी त्याला ओळखतातच. त्याचं अंग कडक आणि चकचकीत, पाय मोजायला घेतले तर संध्याकाळ होईल. सॉफ्लायची अळी मऊ आणि सुरकुतलेली.

गुलाबाबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल. इंटरनेटवर सॉफ्लाय शोधलं की पहिले फोटो येतात ते युरोप-अमेरिकेतल्या गुलाबाचे: हिरव्या अळ्या पानाच्या कडेला ओळीने बसलेल्या, शेपूट इंग्रजी एस सारखं वर उचललेलं. ते फोटो पाहून आपल्या अंगणातल्या गुलाबालाही तोच रोग झाला असं लोक धरून चालतात. आपल्याकडच्या गुलाबावर सापडणाऱ्या अळ्या बहुतेक वेळा पतंगांच्या असतात: एरंडीवरची उंटअळी गुलाबावरही येते, तंबाखूची पानं खाणारी अळी येते, केसाळ सुरवंट येतात. तिथेही पायच मोजा, फोटोवर जाऊ नका. आणि पानाच्या कडेचे गोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे गेलेले असतील तर अळी शोधूच नका. ते पान कापणाऱ्या माशीने घरट्याच्या अस्तरासाठी नेलेले असतात. ती एकटी राहणारी मधमाशी आहे, झाडाचं काही बिघडत नाही, उलट तुमच्या वाल-दोडक्याच्या फुलांना तिचा उपयोग आहे.

कढीलिंबावर आणि लिंबावर दिसणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी हीसुद्धा सॉफ्लाय नव्हे. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून लाल-नारिंगी दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते. ती लिंबावरच्या फुलपाखराची. रोप लहान असेल तर उचलून बाजूला करा. झाड कमरेच्या वर गेलं असेल तर मी तरी तिला राहू देतो.

तरीही खात्री पटत नसेल तर बरणीची परीक्षा करा. बरणीत दोन-तीन इंच ओलसर भुसभुशीत माती घाला, वर मुळ्याचं पान, आत तीन-चार अळ्या, तोंडाला पातळ फडकं. पान रोज बदला. सॉफ्लायची अळी पोट भरलं की मातीत उतरते आणि मातीतच लंबगोल कोश करते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानालाच जाळीदार कोश विणते, फुलपाखराची अळी काठीला किंवा बरणीच्या भिंतीला चिकटते. मातीतून नारिंगी माशी निघायला थंडीप्रमाणे दोन आठवड्यांपासून महिनाभर लागतो. शाळेतल्या मुलांना हे काम द्यायला हरकत नाही, ती पान बदलायला विसरत नाहीत.

ओळख पटली, आता करायचं काय? घरच्या दोन वाफ्यांना माझ्या मते औषधाची गरजच पडू नये. अळीचं सोंग हेच तिचं मरण करा. सकाळी लवकर रोपांच्या खाली सूप किंवा जुनं वर्तमानपत्र सरकवा आणि पानांवरून हात फिरवा. टपाटप पडतात. मगभर पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर कालवून ठेवा आणि त्यात झटका. संध्याकाळी पुन्हा. चार-पाच दिवस नेमाने केलं तर वाफा सुटतो. मध्येच एक दिवस चुकला तर मात्र दुसऱ्या दिवशी हजेरी दुप्पट. रोपं अगदी लहान असतील तर वाफ्याला भरपूर पाणी द्या, पाण्यात सापडलेल्या कोवळ्या अळ्या बुडून मरतात. चुलीची राख पानांवर भुरभुरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पानावर दव असताना टाकली तर चिकटते, पण पाणी दिलं की धुऊन जाते, म्हणून एकट्या राखेवर विसंबून राहू नये.

वाफे जास्त असतील आणि हाताने वेचणं आवरत नसेल तर निंबोळी अर्क. जूनमध्ये वेचून सुकवलेल्या निंबोळ्यांची भरड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून घट्ट पिळून गाळा, दोन ग्रॅम साबण किसून विरघळवा. हा झाला पाच टक्के अर्क. त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजू भिजतील असा फवारा, शिळा ठेवू नका. तासाभरात मेलेल्या अळ्या मोजायला जाऊ नका, त्याने अळीचं खाणं सुटतं, मरण सावकाश येतं. पायांच्या जोड्या पाच असोत की आठ, निंबोळी दोघींनाही नकोशी असते, त्यामुळे ओळख चुकली तरी हे औषध सहसा वाया जात नाही.

रासायनिक औषधाबद्दल एवढंच, की मुळ्याची पानं आपण आठवड्याभरात भाजीला तोडतो. लेबलवर फवारणी आणि तोडणीत किती दिवसांचं अंतर सांगितलं आहे ते वाचा, म्हणजे सांदवाडीत ते का नको ते कळेल. मोहरी एकरात पेरली असेल आणि रोपं झपाट्याने जात असतील तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. विचारायला जाताना चार फोटो न्या: अख्खं रोप, पानाची खालची बाजू, अळी कडेने, आणि अळी खालून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. पेरणीची तारीख लिहून ठेवा. 'काळी अळी आहे' एवढ्या सांगण्यावर कोणीही नीट उत्तर देऊ शकणार नाही, आणि जो लगेच देतो त्याच्या उत्तरावर मी तरी पैसे खर्च करणार नाही.

रोपं दीड-दोन महिन्यांची, राठ पानांची झाली की या अळीची धाड आपोआप कमी होते. तेव्हा दोन-चार पानांना भोकं पडली म्हणून फवारा उचलू नका. ऑक्टोबर ते मार्च एवढ्यात तिच्या दोन-तीन पिढ्या होतात. मुळ्याला डिंगऱ्या लागून भाजी संपते तोवर शेवटची पिढी मातीत उतरून कोशात झोपलेली असते, पुढच्या ऑक्टोबरात माशी होऊन बाहेर यायला. म्हणून मुळा-मोहरी उपटून झाल्यावर वाफा तसाच टाकून देऊ नका. एप्रिलमध्ये कुदळीने वीतभर खोल खणा, ढेकळं उलटी करा आणि भंडाऱ्याचं मे महिन्याचं ऊन त्यांच्यावर पडू द्या. उघडे पडलेले कोश टिपायला साळुंक्या आणि शेजारच्या कोंबड्या येतील. त्यांना त्या दिवसांत हाकलू नका. आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा मुळा टाकाल तेव्हा जागा बदला, त्या वाफ्यात पालक किंवा सांभार घ्या.